मापातलं गॅरेज

टेलरमास्तरांनी जुनी का होईना गाडी घेतली आणि सगळ्यात आधी तिचं माप घेतलं. छाती, कंबर, लांबी. मापाच्या वहीत नावाच्या जागी काय लिहावं, यावर ते क्षणभर अडले आणि मग ‘गिऱ्हाईक पांढरं, दारं पाच’ असं लिहून मोकळे झाले. घराच्या बाजूला गाडीसाठी गॅरेज बांधायचं होतं. तीस वर्षांत आपल्या हातून एकही कपडा बिघडला नाही असं जे रोज सांगतात, त्यांच्या गॅरेजचं माप दुसऱ्या कुणी का घ्यावं?

मिस्त्री आला तो तीन तऱ्हेचे पाये आणि तीन भाव घेऊनच. जमीन ठोकून वर नुसता चार इंच काँक्रीटचा थर दिला तर चाळीस हजार. चारही बाजूंनी चर खणून, खाली घट्ट मुरूम लागेपर्यंत जाऊन दगडी पाया भरला तर सत्तर. आणि सळ्यांचे कॉलम घेतले तर सव्वा लाख, पण मग पुढेमागे वर तीन मजले चढवा, पाया हूं की चूं करणार नाही. मास्तरांनी डोळे मिटून विचार केला. पहिला पाया म्हणजे बिनअस्तराचा कोट, दोन धुण्यांत गळून जायचा. तिसरा म्हणजे पाळण्यातल्या पोराला आजोबांचा ओव्हरकोट. मधला बरा, त्याला अस्तर होतं.

पण सत्तरचा आकडा काही घशाखाली उतरेना. मिस्त्रीने रुंदी अकरा फूट धरली होती. साडेपाच फुटांच्या गाडीला अकरा फूट म्हणजे निम्मं कापड वाया, असं मास्तरांचं म्हणणं पडलं. त्यांनी गाडीचे आरसे मिटले, पुन्हा टेप लावली, दोन्हीकडे तीन-तीन इंच शिलाईला सोडले आणि बरोब्बर सहा फुटांवर आले. भाव पंचावन्नावर आला.

“आणि माणूस?” मिस्त्रीने विचारलं.

“माणूस गाडीच्या आत असतो.”

मिस्त्रीने वाद घातला नाही. मास्तरांच्या घरच्या बाईंनी मात्र घातला. निदान एका बाजूला तरी उतरायला जागा सोडा, असं त्या दोन दिवस सांगत होत्या. तिसऱ्या दिवशी मास्तरांचा पारा चढला. “माझं माप चुकलं तर दुकानावरची पाटी उतरवून ठेवीन,” ते म्हणाले. झालं. हौसेने बांधायला काढलेल्या गॅरेजात आता तीस वर्षांची अब्रू पणाला लागली.

चर खणले गेले, दगड भरले गेले, वर वीतभर उंचीचं, पुढून उतार दिलेलं देखणं जोतं तयार झालं. आता भिंती चढवायच्या, तर मास्तरांनी मिस्त्रीला थांबवलं. ट्रायल घेतल्याशिवाय त्यांनी आजवर कुणाच्या अंगावर कपडा चढवला नव्हता. त्यांच्या सांगण्यावरून जिथे भिंती येणार तिथे कंबरभर उंचीच्या विटा नुसत्या रचल्या गेल्या. मास्तर गाडीत बसले आणि सुई ओवावी तशी त्यांनी गाडी आत घातली. कुठे घासली नाही, कुठे अडली नाही. इंजिन बंद करून त्यांनी विजयी मुद्रेने दार उघडलं. ते तीन इंच उघडलं.

मास्तरांनी ते हळूच पुन्हा लावून घेतलं. दुसरं दार पाहिलं. तेही तीन इंचच. बाहेरून मिस्त्री म्हणाला, विटा काढू का? मास्तर म्हणाले, छे, आत छान वाटतंय, जरा बसतो. ते अर्धा तास बसले. शेवटी बाई चहा घेऊन आल्या. बाजूने शिरायला वाव नव्हता, म्हणून त्यांनी गाडीचं पाचवं, डिकीचं दार उघडलं आणि कप मागच्या सीटवरून पुढे सरकवला.

“चहा घ्या आणि याच वाटेने बाहेर या,” त्या म्हणाल्या.

मास्तर आले. आधी पाय, मग शर्टाचं एक बटण, मग बाकीचे मास्तर. बाईंना हसू आवरेना. त्या जोत्यावर बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. मास्तर मात्र पाटी उतरवायला शिडी शोधू लागले. त्यांचा चेहरा पाहून बाईंना खरंच माया आली.

“पाटी राहू द्या. भिंतीच घालू नका. चार कोपऱ्यांत चार खांब आणि वर पत्रा. दार उघडलं की पाय थेट अंगणात. कोटाच्या बाह्या बिघडल्या की तुम्ही जाकीटच करता ना?”

“एखाद्या वेळी,” मास्तर पुटपुटले.

मिस्त्री थापी पुसत उभा होता. “माझ्या लग्नाला मी तुमच्याकडे कोट टाकला होता, मास्तर,” तो शांतपणे म्हणाला. “मिळालं जाकीट. तुम्ही म्हणालात, सध्या हीच फॅशन आहे.”

“आणि शिलाई?” बाईंनी विचारलं.

“पुऱ्या कोटाची.”

मास्तरांनी एकदा जोत्याकडे पाहिलं, एकदा बाईंकडे. मग त्यांनी गळ्यातली टेप काढली आणि ते मिस्त्रीसमोर जाऊन उभे राहिले.

“हात पसरा,” ते म्हणाले.

मिस्त्रीने सिमेंटने माखलेले दोन्ही हात मोठ्या आनंदाने, चांगले अकरा फूट जागा लागेल असे पसरले.