वानखेडे भाऊजी आणि टेकडीवरचं पाणी

कुणाच्या नव्या घरी गेलं की वानखेडे भाऊजी आधी तळघरात जातात. गेल्या वर्षी इथे अमेरिकेत, श्रूजबरी गावात आमच्या शेजारच्या पाटलांचा गृहप्रवेश होता. गुरुजी आरतीला खोळंबले होते आणि भाऊजी खाली पाण्याच्या हीटरपाशी उकिडवे बसून पाइपाला कान लावून होते. वर आले ते "पाइपाची तब्येत उत्तम आहे" असा आशीर्वाद देतच.

मुलांनो, तिकडे तुमच्या चँडलर गावात असे आजोबा भेटायचे नाहीत, म्हणून लिहून ठेवते. भाऊजी नागपूरचे. पाणीपुरवठा खात्यातले निवृत्त इंजिनियर. आता आमच्या समोरच्या घरात मुलाकडे राहतात. उंचावरचं काहीही दाखवा, त्यांचा एकच प्रश्न असतो, "ते सगळं ठीक आहे, पण पाणी कसं चढून राहिलं?"

दीड वर्षापूर्वी त्यांच्या पत्नी, कुसुमताई, गेल्या. तेव्हापासून भाऊजींनी त्यांचं नाव एकदाही काढलं नव्हतं. दुसऱ्या कुणी काढलं तर उठून जात. यंदा आम्हा सीनियर मंडळींची इटलीची ट्रिप ठरली तेव्हा त्यांचा मुलगा निखिल माझ्याकडे आला.

"काकू, बाबांना घेऊन जा ना प्लीज. मी ट्राय करून थकलो. आईचा विषयच काढू देत नाहीत यार... सॉरी, काकू."

नेपल्सला आम्ही दोराने ओढल्या जाणाऱ्या रेल्वेतून व्होमेरो नावाच्या टेकडीवरच्या वस्तीत गेलो. तिथल्या कठड्यावरून सगळं जुनं शहर दिसतं. घरं एकमेकांना खेटलेली, त्यांच्यातून सुरीने कापल्यासारखी एक सरळ गल्ली, पलीकडे समुद्र आणि ज्वालामुखी. आम्ही फोटो काढत होतो. भाऊजी शहराकडे पाठ करून टाकी शोधत होते.

"अहो, निदान ज्वालामुखी तरी बघा," मी म्हटलं.

"तो कुठं पळून चालला, वहिनी? इथं टाकीच दिसत नाही!"

उतरताना आम्ही पायऱ्यांची वाट धरली. एका घराच्या चौथ्या मजल्यावरून एका म्हातारीने दोरीला बांधलेली टोपली खाली सोडली आणि ओरडून काहीतरी मागितलं. भाऊजी नेमके खाली उभे. त्यांनी आपली भरलेली पाण्याची बाटली टोपलीत ठेवली आणि हाताने खूण केली, ओढा!

टोपली वर गेली. म्हातारीने बाटलीकडे पाहिलं, भाऊजींकडे पाहिलं आणि हसत सुटली. तेवढ्यात कोपऱ्यावरचा दुकानदार पाव घेऊन धावत आला, तेव्हा कळलं की बाईंना पाव हवा होता. टोपली पुन्हा खाली आली. तिच्यात भाऊजींसाठी दोन लिंबं होती.

आम्हीही हसलो. भाऊजी मात्र लिंबं हातात घेऊन पायरीवर बसले.

"वहिनी, आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहायचो. नळ तळमजल्याला. गावभर पाणी चढवलं मी, अन् कुसुम नऊ वर्षं हंडे घेऊन जिने चढली. मले दोरी सुचली नाही. कप्प्या तर ऑफिसात गंजत पडल्या होत्या."

मी शेजारी बसले. विचारलं, "त्या काही म्हणायच्या?"

"म्हणायची ना. हंडा खाली ठेवून म्हणायची, 'साहेब, आज प्रेशर कमी आहे.'" आणि ते हसले. डोळे पुसत हसले.

अमेरिकेत येताना फळं आणू देत नाहीत आणि भाऊजी नियमाचे पक्के. म्हणून त्यांनी हॉटेलवर दोन्ही लिंबं पिळून आम्हा सगळ्यांना सरबत केलं. साखर फार झाली होती.

"कुसुम चिमूटभर मीठ टाकायची," ते म्हणाले आणि मग जेवण होईपर्यंत तिच्याबद्दलच बोलत राहिले.