ट्रॅक्टरवरचा मेहुणा

चष्मेवाल्यांना दोन गोष्टी हलवायच्या होत्या. परसातले दगड आणि घरातला मेहुणा. दगड निदान जेवायला मागत नव्हते. मेहुणा चार दिवसांसाठी म्हणून आला होता आणि आता शेजारीपाजारी बाहेर जाताना त्याच्याकडे किल्ली ठेवून जात होते.

सोमवारी गवंडी दुकानाचा पाया खणायला येणार होता. त्याआधी परस मोकळं हवं, म्हणून चष्मेवाल्यांनी छोटा ट्रॅक्टर भाड्याने आणला. मेहुण्यासाठी भाड्याने काही मिळत नव्हतं.

लहान दगड झटझट निघाले. मग एका धोंड्याची पाळी आली. चष्मेवाल्यांनी पुढची लोखंडी बकेट त्याच्याखाली घातली, दांडा ओढला. धोंडा उचलला गेला आणि त्याबरोबर ट्रॅक्टरची मागची चाकंही वर आली.

“अहो, पडाल!” बायको किंचाळली. “मागे कुणीतरी बसा रे!”

कुणीतरी म्हणजे कोण, ते उघडच होतं. न्याहारी आटोपून दारात आळस देणारा मेहुणा आला, मागच्या पट्टीवर टेकला मात्र, चाकं जमिनीला लागली.

“वा!” चष्मेवाले म्हणाले. मेहुण्याबद्दल त्यांच्या तोंडून निघालेलं हे पहिलंच चांगलं अक्षर. त्या आनंदात त्यांनी दांडा जरा जास्तच जोरात ओढला. इंजिन बंद पडलं आणि दांडा अडकला. धोंडा ना वर, ना खाली.

“भाऊजी, मी उतरू?”

“खबरदार! तू उतरलास तर मी तोंडावर आपटेन.”

“मग आधी तुम्ही उतरा.”

“आणि ट्रॅक्टर उलटला तर? भाड्याचा आहे तो!”

मेकॅनिकला फोन केला. तो म्हणाला, जेवून येतो. कुठल्या गावी जेवायला गेला होता देव जाणे, दुपार टळली तरी पत्ता नाही.

“ताई, भूक लागली गं.”

एरवी मेहुण्याच्या ताटाकडे डोळे वटारून पाहणारे चष्मेवाले कळवळून म्हणाले, “अगं, वाढ त्याला! पोटभर वाढ! वजन उतरलं म्हणजे?”

मेहुण्याने बसल्या जागी तीनदा मागून घेतलं. चष्मेवाल्यांनी आपल्या ताटातलंही मागे सरकवलं.

ऊन उतरल्यावर मेकॅनिक आला. दांड्याच्या खाचेतला खडा त्याने काढून टाकला आणि धोंडा धपकन खाली बसला.

“एवढंच होतं?”

“एवढंच. पण मागे वजन नसताना मोठे दगड उचलू नका. हे साहेब आहेत तोवर काळजी नाही.”

चष्मेवाल्यांना मेहुण्याविषयी खरोखरच माया दाटून आली. त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. “बाबा रे, हे घर तुझंच. हवे तितके दिवस राहा. उद्या फक्त उजाडताच ऊठ. दिवसभर बसायचंय.”

“दिवसभर?”

“आणि परवाही.”

मेहुणा विचारात पडला. टोमण्यांनी, खाकरण्यांनी, गाड्यांच्या वेळा मोठ्याने वाचण्यानेही जो जागचा हलला नव्हता, तो अंधार पडायच्या आत पिशवी भरून निघाला. तिकडे आपली फार कामं खोळंबलीत, असं तो ताईला म्हणाला.

त्याला फाटकापर्यंत पोचवून बायको डोळे पुसत परसात आली. “झालं ना तुमच्या मनासारखं? गेला माझा भाऊ!”

चष्मेवाले उरलेल्या धोंड्यांकडे बघत होते. रडू तर त्यांनाही येत होतं.

“तुझा थोरला भाऊ,” त्यांनी विचारलं, “अंगाने कसा आहे गं हल्ली?”