विहिरीच्या झांकणास नाईक नेमिला त्याची हकीकत

श्रीजलदेवता प्रसन्न. पूर्वीं राजियाविना एक राज्य नांदत होतें, त्याचा विसर न पडावा म्हणोन ही याद लिहून ठेविली ऐसीजे. शके सोळाशें सत्तावीस, पार्थिवनाम संवत्सरीं, चैत्रमासीं चंद्राकाकू सुईण यांणीं सगुणाबाईंस सांगितलें कीं, "अगे, तुझी पोर चालूं लागली. विहिरीचें झांकण कोणी घालावें तें एकदां ठरवा." बाई हांसल्या आणि बोलिल्या, "काकू, वीस घरच्या वीस जणी आहों. कोणी तरी घालीलच कीं!"

तेव्हां रीत ऐसी कीं, जी शेवटीं पाणी भरील तिणें लांकडी झांकण ओढावें. हुकूम नाहीं, शिपाई नाहीं. आणि एकीचें लेंकरूं दुसरीचे कडेवर चढे आणि तिसरीचे घरीं जेवून निजे, तें वैभव काय वर्णावें! मग वैशाखांत एके दुपारीं सगुणाबाईंणीं घागर भरिली, आणि समोरून मैनाबाई येतां पाहिल्या, आणि मैना झांकील म्हणोन त्या निघाल्या. मैनाबाईंस चुलीवरलें दूध आठवलें, त्या वाटेंतूनच माघारीं फिरल्या. इकडे तुळजा, बाईंची दीड वर्षांची कन्या, उघड्या विहिरीचे कांठीं ओणवी जाली. लखोबा कुंभार माती घेऊन जात होते, त्यांणीं टोपलें टाकिलें आणि झबल्यास धरून पोर मागें ओढिली. मग बाया धांवल्या आणि कल्लोळ जाला. "शेवटची तूं!" "मी भरलेंच नाहीं, मग शेवटची कैसी?" "घागर मिरवीत येत होतीस कीं!" लखोबा ओरडले, "भांडा खुशाल, पण झांकण घाला!" पाहती तों विहीर अद्याप उघडीच!

सगुणाबाई पोर उराशीं धरून उभ्या होत्या. त्यांणींच शब्द काढिला, "एक माणूस नेमा, आणि सर्वांणीं त्याचें ऐकावें." मग लखोबांस नाईकी दिधली, आणि घरोघरून त्यांस भाकर पोंचवावी ऐसें ठरलें. मग नाईकांस काठी आली, आणि काठीमागें वेळा आल्या, आणि वेळांमागें कुलूप आलें. "नाईक, एकच घागर!" "वेळ सरली, बाई." पोरें वांचलीं, तंटे मिटले, परंतु विहिरीवरली बायांची बैठक मोडली, आणि कोणाचें पोर कोठें हें कोणी पुसेनासें जालें. नाईक आहेत ना!

पुढें सगुणाबाई यजमानांसमवेत घाटाखालीं राहिल्या. तेथें कोट आहे, कोतवाल आहे. तरी बाई घटकेघटकेस दारीं येऊन तुळजेस पाहतात, आणि विहिरीवरल्या त्या जुन्या दुपारी आठवून डोळे पुसतात. परवां कासारीण घाटावरल्या त्या गांवाहून आली. बाईंणीं पुसिलें, "नाईक कैसे आहेत?" "तापानें पडलेत म्हणे. तीन दिवस कुलूप निघालें नाहीं, बाया ओढ्यावर जातात." "आणि भाकर?" "मैनाबाई म्हणती, काकू देतात. काकू म्हणती, मैना देत असेल."

सारांश, भयानें राज्य जालें आणि तें बरेंच जालें; सगुणाबाई आजही नाईक नेमितील. परंतु नाईकासही भूक लागते, हें ठरवितांना कोणाचे ध्यानीं राहिलें नाहीं. बाई निघाल्या आहेत. घाट चढावयास दोन दिवस लागतील. जो कोणी हें त्या गांवाजवळ वाचील त्यास त्यांची विनंती कीं, दुसरा गेला असेल ऐसें न म्हणतां आपण उठावें, वाटीभर पेज घ्यावी, आणि लखोबांचें दार वाजवावें.