मत डेकरलाच!

"या वेळी मी प्रचार करणार आहे," गेरिट डेकरने सकाळच्या कॉफीवर जाहीर केलं. "दारोदार फिरणार. लोकांशी बोलणार!"

रिकाची टोस्टवरून फिरणारी सुरी जागीच थांबली. तिच्या नवऱ्याला शेजाऱ्याकडे शिडी मागायला जायचं असलं, तरी तो आधी ओट्यापाशी उभा राहून वाक्य पाठ करायचा.

"कुणाशी बोलणार?"

"मतदारांशी."

"तोंडाने?"

गेरिटने कॉफीच्या कपात तोंड घातलं. घरातलं धैर्य घरातच संपवायचं नव्हतं त्याला.

गेरिट आमच्या जिल्ह्याचा नाले अधिकारी. मिशिगनच्या या पश्चिम बाजूला जमीन काळीभोर, लोण्यासारखी मऊ. कांदा असा येतो की बघत राहावं. पण नाले तुंबले की कांद्याच्या शेताचं तळं होतं. म्हणून नाले वाहते ठेवायला एक अधिकारी असतो, आणि शेरीफसारखा, म्हणजे पोलीसप्रमुखासारखा, तोही मतं देऊनच निवडतात. वीसेक वर्षं हा मान गेरिटचा. दर चार वर्षांनी निवडणूक यायची, विरोधात कुणी नसायचं, गेरिट निवडून यायचा आणि ते कुणाच्या लक्षातही राहायचं नाही. गेरिटच्यासुद्धा!

तसं आमच्याकडे डेकर असणं हीच मोठी पात्रता. शेरीफ डेकर, खजिनदार डेकर, न्यायाधीश डेकर. रस्त्यांच्या मंडळावर दोन डेकर, ते एकमेकांशी बोलत नाहीत. राज्याच्या विधिमंडळातही एक डेकर जाऊन आला. तिथे काय केलं, हे त्याला कुणी विचारलं नाही. यातले निम्मे एकमेकांचे कुणीच लागत नाहीत. पणजोबांच्या काळी हॉलंडहून बोटी भरभरून माणसं आली, त्यांत चार-पाच घरं डेकरांची होती, इतकंच. पण मत देणारा वंशावळ कुठे बघतो? मागच्या खेपेला डेकरला मत दिलं, काही बुडालं नाही. मग याही खेपेला डेकरलाच!

गेरिटला नेमकं हेच कधीपासून बोचत होतं. तो पुस्तकांत डोकं घालून बसणारा माणूस, आणि अशा माणसांना शंका फार येतात. लोकांनी इतकी वर्षं आपल्याला निवडलं, की आडनावाला? आपल्या जागी कुंपणाचा खांब डेकर म्हणून उभा केला असता, तर तोही आला असता का निवडून? बहुधा आला असता. आणि खांबाने तक्रारी जास्त शांतपणे ऐकून घेतल्या असत्या.

या वर्षी पहिल्यांदाच विरोधात कुणीतरी उभं राहिलं होतं. नेल डेकर! तिशीतली, शिकलेली अभियंता, आणि गेरिटची दूरचीसुद्धा कुणी नव्हे. म्हणजे आडनावाला आडनाव कापलं जाणार, आणि मतपत्रिकेवर उरणार फक्त दोन पहिली नावं. हरण्याचं गेरिटला फारसं भय नव्हतं. पण कुणी गेरिटला, या गेरिटला, जाणूनबुजून मत देतं का, एवढं त्याला एकदा कळायला हवं होतं.

"पाट्यांवर 'गेरिट' असं मोठ्या अक्षरांत लिहून घेतो," तो म्हणाला.

"नवीन पाट्या?" रिकाचा आवाज चढला. "आणि गिरणीच्या माळ्यावर ढीगभर पडल्यात त्या काय शेकोटीत घालायच्या?"

आमच्याकडे निवडणूक आली की घरोघरच्या अंगणात उमेदवाराच्या नावाच्या पाट्या रोवतात. डेकरांच्या पाट्यांवर फक्त डेकर लिहिलेलं असतं. हे त्यांच्या थोरल्यांचं डोकं! पहिलं नाव लिहिलं तर पाटी एकाच माणसाच्या कामाची. पद लिहिलं तर एकाच पदाची. नुसतं डेकर लिहिलं की पिढ्यान्पिढ्यांची सोय! निवडणूक संपली की पाट्या पुसून गिरणीच्या माळ्यावर जातात, आणि पुढच्या खेपेला ज्या डेकरला हव्यात तो घेऊन जातो. आमची माणसं चहाची पिशवीसुद्धा दोनदा बुडवतात. पाटी कशी टाकतील?

गेरिटने रिकाशी वाद घातला. म्हणजे तोंड उघडलं आणि मिटलं. मग पाट्या गाडीत घालून निघाला.

पहिलंच दार टेना बोर्समाबाईंचं. गेरिटने पाठ केलेलं वाक्य जिभेवर आणलं, तोच बाई कडाडल्या, "डेकर! बरा सापडलास! माझ्या भाच्याला गाडी जोरात हाकली म्हणून पकडलंत तुम्ही डेकरांनी? लाज नाही वाटत?"

भाच्याला पकडलं होतं शेरीफ डेकरने. हे एका वाक्यात सांगता आलं असतं. पण रागावलेल्या बाईला मध्येच थांबवायचं म्हणजे गेरिटच्या दृष्टीने चालत्या चक्कीत हात घालणं!

"बघतो मी," तो म्हणाला.

"बघच! आणि ती पाटी लाव तिथे. मत डेकरलाच आहे!"

पुढच्या घरी त्याने रस्त्यातल्या खड्ड्याबद्दल शिव्या खाल्ल्या, आणि त्याच्या पुढच्या घरी बांधाच्या खटल्यात न्याय दिल्याबद्दल त्याला बदामाच्या सारणाची गोड सुरळी मिळाली. दोन्ही त्याने मान खाली घालून घेतलं. खड्डा दुसऱ्या दिवशी फावडं घेऊन स्वतःच बुजवला. सुरळीचं काय करावं ते सुचेना, म्हणून न्यायाधीश डेकरांच्या दारात ठेवून आला. पाट्या मात्र भराभर लागत होत्या. सगळे म्हणत होते, मत डेकरलाच! एकानेही म्हटलं नाही, मत गेरिटला.

गावाच्या टोकाला एका छोट्या भाड्याच्या घरापुढे हिरवंगार अंगण होतं. दार ठोठावलं, कुणी उघडलं नाही. माती मऊ दिसली. कुणाशी न बोलता एक पाटी लागते आहे, या आनंदात गेरिटने ती रोवली आणि दगडाने ठोकायला लागला.

"गेरिटकाका?"

मागे नेल उभी होती. हातात भाजीची पिशवी. घर तिचं होतं!

"तुम्ही माझी पाटी लावताय?" तिचा विश्वास बसेना. "माझ्यासाठी? बाबा म्हणाले होते, म्हातारा वर्षभर तोंड बघणार नाही तुझं. आणि तुम्ही... गावभर लागल्यात त्यासुद्धा तुम्हीच लावल्यात?"

"हो... म्हणजे... माती मऊ होती," गेरिट म्हणाला.

नेलने पिशवी खाली ठेवली आणि त्याचे दोन्ही हात धरले. मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. अशा वेळी 'नाही गं, त्या माझ्याच आहेत' असं म्हणायला काळीज दगडाचं लागतं. गेरिटच्या हातात दगड होता. काळजाचं सांगता येत नाही. त्याने पाटी आणखी दोनदा ठोकली.

दुसऱ्या दिवशी रिका दुकानातून तणतणत आली.

"तू निवृत्त झालास म्हणे?"

"मी?"

"मला तरी सांगायचंस! मी बटाटे घ्यायला गेले आणि तिघींनी मला मिठी मारली. आपल्या गावच्या बायकांनी, गेरिट! भर दुकानात! मला वाटलं तू मेलास!"

बातमी गावात अशी फिरली होती: गेरिट थकला, मोठ्या मनाने जागा सोडतो आहे, आणि त्या पोरीसाठी स्वतः पाट्या ठोकत हिंडतो आहे.

"जाऊन सांग सगळ्यांना, हे खोटं आहे म्हणून!"

"सांगतो," गेरिट म्हणाला. "रविवारी, चर्चनंतर. सगळे एकदमच भेटतील."

रविवारी चर्चच्या तळघरातल्या सभागृहात तो वाक्य पाठ करत शिरला, आणि बघतो तर टेबलावर केक! केकवर नाल्यासारखी निळी साखर! आणि मधोमध एक तपकिरी आरामखुर्ची, बाजूचा दांडा ओढला की पाय वर करणारी. गावाने मिळून घेतलेली. आमच्या गावाने! पाठ केलेलं वाक्य गेरिटने तिथल्या तिथे गिळलं.

मग हार्म फेन्स्ट्रा उभा राहिला. कांदा पिकवणारा, चर्चमधला वडीलधारा, आणि कुणाचं कौतुक करायची वेळ आली की दात दुखल्यासारखं तोंड करणारा.

"मी काही भाषण करत नाही," हार्म म्हणाला. "पण त्या ओल्या वर्षी माझं शेत बुडत होतं. बीव्हरांनी झाडं कुरतडून नाल्यात ओंडक्यांचा बांध रचला होता. मी फोन केला. मला वाटलं, मजूर पाठवेल. हा गेरिट स्वतः कमरेभर पाण्यात उतरला आणि हाताने ओंडके उपसत बसला. मी म्हटलं, अरे बाहेर ये, मरशील. तर हा म्हणतो, जरा थांब, त्यांची पिल्लं आत नाहीत ना बघू दे." हार्म खाकरला. "एवढंच. कांदा वाचला. पिल्लंही वाचली. त्यांनी पुढच्या वर्षी पुन्हा ओंडके रचले."

सगळे हसले. मग दुसरा कुणी उठला, मग तिसरा. टेनाबाईसुद्धा उठल्या. त्यांच्या तळघरात पाणी शिरलं होतं तेव्हा हा रोज येऊन बघून जायचा, दारही न वाजवता, म्हणून त्यांनी एकदा त्याला चोर समजून झाडू मारला होता. गेरिट खाली मान घालून ऐकत होता. इतकी वर्षं हे सगळं यांना माहीत होतं? मग कधी बोलले का नाहीत? पण त्याला तरी कुठे माहीत होतं, की निघालेल्या माणसाचंच आपण कौतुक करतो? राहणाऱ्याला ते ऐकवलं तर तो पगार वाढवून मागेल, अशी भीती असते.

"गेरिट, दोन शब्द!" कुणीतरी ओरडलं.

तो उठला. समोर टेनाबाई डोळे पुसत होत्या, आणि नेल सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवून थांबली होती.

"मला एक सांगायचंय," गेरिट म्हणाला. "मी... मी अजून..." त्याची नजर केकवर गेली. "मी फार आभारी आहे."

आणि तो मटकन खाली बसला. नेमका नव्या खुर्चीत! दांड्याला कोपर लागलं, पाय हवेत गेले, आणि गाव आभाळ फाटेल अशा टाळ्या वाजवायला लागलं.

"बोलायचं सोडून आडवा झालास!" घरी येताना रिका म्हणाली.

"नेलला तरी सांगून येतो," गेरिट म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी खरंच गेला. ती नाल्याच्या काठावर मोजमाप करत होती. "काका, पाणी इथेच का अडतं?" तिने विचारलं. मग गेरिटने तिला खालची चिकणमाती दाखवली, जमिनीखालची जुनी मातीची नळी कुठे फुटली आहे ते दाखवलं, बीव्हरांच्या वाटा दाखवल्या. ती झरझर सगळं समजून घेत होती. एक-दोन गोष्टी तर तिने त्यालाच समजावल्या. दुपार कशी गेली कळलं नाही. सांगायचं तेवढं राहून गेलं.

"आता गप्प बस," रिका शेवटी म्हणाली. "मतपत्रिका छापून झाल्यात, तुझं नाव त्यावर आहेच. गप्प बसणं तुला जमतं."

निवडणुकीच्या दिवशी गेरिट पडद्याआड उभा राहिला. समोर दोन डेकर. स्वतःला त्याने आजवर कधी मत दिलं नव्हतं. बरं दिसत नाही म्हणून. या वेळी पेन क्षणभर आपल्या नावाशी रेंगाळलं. मग त्याला नाल्यातल्या चिखलात गुडघ्यावर बसलेली नेल आठवली, आणि त्याने तिच्या नावापुढे खूण केली. हरायचं तर निदान चांगल्या माणसाकडून!

निकाल लागला. गेरिट निवडून आला होता. थोड्याथोडक्या मतांनी नव्हे, चांगला दणदणीत!

झालं होतं असं: गावातल्या प्रत्येकाने आपापल्या मनाशी विचार केला, निवडून तर नेलच येणार. मग म्हाताऱ्याला निरोपाचं एक मत द्यायला काय हरकत आहे? माझ्या एका मताने काय बिघडतं? असा विचार सगळ्या गावाने एकेकट्याने, कुणाला न सांगता केला. आम्ही दानसुद्धा मूठ मिटूनच करतो.

"काका," नेलने फोन केला, "असला डाव मी जन्मात पाहिला नाही! आधी माझ्या पाट्या लावल्यात, मग रडवलंत गावाला! आणि मी टाळ्या वाजवत होते!"

"नाही गं, मी... माती..." गेरिटने फोन दुसऱ्या कानाला लावला. मग पाठ न केलेलं एक वाक्य त्याच्या तोंडून निघालं. "तू माझी उपअधिकारी होशील का? नाले तू बघ. मी तुला चिखल दाखवीन."

"होईन," ती म्हणाली. "पण यापुढे पाट्यांना तुम्ही हात लावायचा नाही."

गेरिट फोन ठेवतो तोच दार वाजलं. हार्म फेन्स्ट्रा उभा होता. मागे गाडी उलटी लावलेली, फळी उघडलेली.

"अभिनंदन," हार्म टोपी न काढता म्हणाला. "खुर्ची न्यायला आलोय."

"खुर्ची?"

"निवृत्तीची होती. तू कुठे निवृत्त झालास? चर्चच्या तळघरात चादर घालून ठेवतो. खरंच जाशील तेव्हा देऊ. दुसरी कोण घेणार?"

"बरोबर आहे," रिका आतून म्हणाली. तिने खुर्ची आधीच झटकून ठेवली होती.

हार्मने एक बाजू उचलली, गेरिटने दुसरी. पायऱ्या उतरताना गेरिटने धीर गोळा केला.

"हार्म... तू... म्हणजे, मत..."

"दिलं ना तुला!" हार्म धापा टाकत खेकसला. "आता हळहळतोय. तू निवडून येणार हे माहीत असतं, तर कशाला दिलं असतं? ती पोरगी तुझ्यापेक्षा दसपट हुशार आहे. अख्खं गाव आज डोक्याला हात लावून बसलंय. जरा डावीकडे घे."

गेरिटने खुर्ची डावीकडे घेतली. मत डेकरला नव्हतं तर! डेकर तर दोन होते. चुकून का होईना, अख्ख्या गावाने गेरिटला मत दिलं होतं. त्याच्या चेहऱ्यावर हसू फुटलं, आणि हात जरा सैल झाले.

"हसतोस काय?" हार्म ओरडला. "नीट धर! खुर्ची अजून आमची आहे!"