खांबांचे पाटणकर

आमच्या कळंबोलीच्या गोदामात स्टोअर्सचे पाटणकर सकाळी आले की आधी रॅकच्या खांबांची विचारपूस करत. माणसांची पाळी नंतर, तीही वेळ उरला तर. प्रत्येक लोखंडी खांबावरून तळवा फिरवायचा, खिशातला गवंड्याचा ओळंबा लावून बघायचा आणि कुठे पोचा सापडला की दुखवट्याला आल्यासारखं उभं राहायचं. मी डिस्पॅचला होतो. माझा ताप उतरला का, हे त्यांनी कधी विचारल्याचं आठवत नाही.

"खांब गुडघ्यात मोडतो आणि डोक्यावरचा माल घेऊन खाली येतो," हे त्यांचं लाडकं वाक्य. माझ्या लग्नाच्या पंगतीतही त्यांनी ते ऐकवलं होतं.

फोर्कलिफ्ट चालवणारा बामा म्हात्रे त्यांचा जन्माचा वैरी. "म्हात्रे, तो खांब आहे, तुझा मेव्हणा नाही. धक्के मारू नकोस."

"लागला नाय साहेब, नुसता घासला."

खांबांना संरक्षक कठडे बसवा म्हणून पाटणकर मॅनेजरच्या मागे लागले होते. मॅनेजर फार काटकसरी. स्वतःच्या केबिनचा एसी तेवढा सोडून. शेवटी पाटणकरांनी ट्रकचे जुने टायर मिळवले, कापले आणि खांबांच्या पायांना गुंडाळले.

दसऱ्याला मॅनेजरनी ते काढायला लावले. पूजेची शोभा जात होती म्हणे. टायरच्या जागी झेंडूच्या माळा आल्या. पूजा झाली, फोर्कलिफ्टच्या चाकाखाली लिंबू ठेवलं. आता रिवाजाप्रमाणे गाडी त्यावरून पुढे घ्यायची. सगळा स्टाफ बघतोय म्हटल्यावर म्हात्रेने नवरदेवाच्या थाटात गाडी दामटली. लिंबू चिरडलं, आणि पुढचा खांब गुडघ्यात वाकला.

वर भरलेले ड्रम होते. पाटणकर ओरडले नाहीत. त्यांनी सगळ्यांना बाहेर काढलं, टेकू लावले आणि पलीकडून शेवटचा ड्रम उतरेपर्यंत कोणाला आत फिरकू दिलं नाही.

"म्हात्रेला आजच घरी पाठवतो," मॅनेजर म्हणाले.

"गाडी पुढे घे, असं मी सांगितलं," पाटणकर शांतपणे म्हणाले. "आणि टायरही मीच काढले. नाही का, साहेब?"

टायरचं नाव निघताच साहेबांना एकाएकी क्षमाशीलतेचा झटका आला. पाटणकरांना नुसता मेमो मिळाला.

संध्याकाळी गेटपाशी म्हात्रेने त्यांना गाठलं. मी त्यांच्या मागेच होतो. "साहेब, माझ्यापायी खोटं कशाला बोललात? तुमची नोकरी गेली असती ना."

"तुझ्या घरी खाणारी माणसं आहेत. माझी बायको गेल्यापासून माझ्या घराला कुलूपच असतं," पाटणकर म्हणाले. "फक्त, दिवसभर जायचं कुठे, एवढाच प्रश्न पडला असता."

इतकी वर्षं मी या माणसाची नक्कल करून लोकांना हसवत होतो.

"आज सणाचं आमच्याकडं चला जेवायला," म्हात्रे म्हणाला. "रोडपाली काय लांब नाय."

पाटणकर नाही म्हणणार होते, तसं तोंडही उघडलं होतं. पण मग ते म्हात्रेच्या सायकलच्या कॅरिअरवर बसले, दोन्ही हातांनी त्याचा शर्ट घट्ट धरून.