घसाकाकांचं कपाट

"यंत्र माझी नक्कल करणार? त्याला म्हणावं, आधी माझ्यासारखं खोकून दाखव," असं घसाकाका स्टुडिओवाल्याला ऐटीत म्हणाले खरे, पण घरी येताना वाटभर ते स्वतःच खोकून बघत होते.

काका आवाजावर जगत. शहरातल्या निम्म्या लिफ्टमध्ये 'दार उघडत आहे' ते त्यांच्याच आवाजात. आता तोच आवाज यंत्र शिकलं होतं. फोनवर लिहाल ते काकांच्या आवाजात बोलायचं. स्टुडिओवाल्याने जाताना एवढंच सांगितलं, "घरी काकूंना ऐकवून बघा. त्यांना फरक कळला तर काम तुमचंच." नाही कळला तर काय, हे काकांनी विचारलं नाही.

घरातलं एक मोठं कपाट आतून गाद्या ठोकून काकांनी रेकॉर्डिंगची खोली केली होती. त्यात फोन ठेवून त्यांनी यंत्राला "अगं, जरा चहा देतेस का?" एवढं वाक्य दिलं आणि स्वतः पडद्यामागे लपले.

काकू चहा घेऊन आल्या. वर बिस्किटंही. कपाटाकडे बघून म्हणाल्या, "आज स्वारी खुशीत दिसते."

पडद्यामागून काका निघाले ते पांढरेफटक पडून. खरा प्रकार कळल्यावर काकू चिडल्या. "एकदा फसले. आता त्या कपाटातून कोणीही बोललं तरी मी हलायची नाही."

काकांना चैन पडेना. यंत्राला जमणार नाही असं काहीतरी म्हणून बघू, या इरेला पेटून ते फोन टेबलावर टाकून कपाटात शिरले. दार खेचून घेतलं, तर आतली मूठ निखळून हातात आली.

"अगं, जरा दार उघडतेस का?"

"नाही हं," स्वयंपाकघरातून काकू म्हणाल्या.

"मी आहे गं. खरा."

"हेही बोलता येतं वाटतं त्याला."

काकांनी राजाचा आवाज काढला, म्हाताऱ्याचा काढला, रडणाऱ्या बाळाचाही काढला.

"छान शिकवलंय हो," काकूंनी दाद दिली.

काकांना दरदरून घाम फुटला. आपण इथे जीव तोडून ओरडत राहू आणि बाहेर सगळे म्हणतील, काय हुबेहूब आहे! आपण मेलो तरी कुणाला पत्ता लागणार नाही, आवाज चालूच राहील. अशी भीती त्यांना जन्मात वाटली नव्हती. आणि भीती वाटली की काकांचं जे व्हायचं तेच झालं.

"बहिरी झालीस का? मघापासून बोंबलतोय, डोकं ठिकाणावर आहे की नाही तुझं?"

दार ताबडतोब उघडलं.

"ओळखलंस!" काकांचे डोळे भरून आले. "कशावरून गं?"

"त्यात काय ओळखायचं?" काकू म्हणाल्या. "ते अंगावर खेकसत नाही."

तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. स्टुडिओवाला होता. "काय काका, कळला का काकूंना फरक?"

"कळला म्हणजे काय, लगेच कळला."

"अरे वा. काय फरक म्हणाल्या?"

काकांनी तोंड उघडलं. मग हळूच फोनवर हात ठेवला. समोर काकू मघाचा गार झालेला चहा घेऊन उभ्या होत्या. बशीतली बिस्किटं तेवढी त्यांनी काढून घेतली होती.