तीनशे विमानांची मंडई

विमान कंपनीला विमान लागते, हा एक जुना गैरसमज आहे. विमान कंपनीला लागते ती विमानांची ऑर्डर. विमान झिजते, बिघडते, त्यात माणसे बसून कुरकुर करतात. ऑर्डरचे तसे काही नसते. आमच्या साकोलीच्या 'झाडीझेप' विमान कंपनीकडे आजमितीस एकही विमान नाही, आणि त्यामुळेच तिची कामगिरी देशात अव्वल आहे. उशिरा सुटलेली विमाने शून्य, हरवलेल्या बॅगा शून्य, तक्रारी एक (ती ऑफिसखालच्या खताच्या दुकानाच्या वासाबद्दल होती). मी या कंपनीचा जनसंपर्क अधिकारी. हसू नका, माझा पगार वेळेवर होतो.

अड्याळच्या हर्षाचा होत नाही. ती आमची पहिली हवाई सुंदरी. नागपूरच्या दवाखान्यातली पक्की नोकरी सोडून आली बिचारी. नियमानुसार तिचा पगार पहिल्या उड्डाणापासून सुरू होईल, आणि त्या दिवशी तिचे वय सत्तावीसच्या आत हवे. सध्या ती पंचवीसची आहे. म्हणजे घाई तिला होती, कंपनीला नव्हती.

तरीही कंपनीने तीनशे विमाने घ्यायचे ठरवले. अरुंद अंगाची, मधे एकच वाट असलेली. अशी विमाने बनवणारे दोन बडे कारखाने एकमेकांचे पक्के वैरी आहेत. त्यांची नावे गुप्ततेच्या कलमामुळे सांगता येत नाहीत, तेव्हा एकाला अलीकडचा म्हणू, दुसऱ्याला पलीकडचा.

सौदा करायला दिल्लीचे सल्लागार मिळाले असते. आमच्या अध्यक्षांनी लाखांदूरकडचे भैय्यालालजी आणले. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि मंडईच्या रात्री नाटक लागतेच. गावासाठी ते नाटक भैय्यालालजी बावीस वर्षांपासून ठरवत आले आहेत. पद्धत साधी आहे. एका नाटक कंपनीच्या मालकाला आपल्याजवळ बसवायचे, दुसऱ्याला समोरच्या चहाटपरीवर, दोघे एकमेकांना दिसतील असे. मग बोलायचे कमी आणि समोर बघायचे जास्त.

तसेच केले. अलीकडच्या कारखान्याचे उपाध्यक्ष कोट घालून आमच्या ऑफिसात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले. पलीकडचे हायवेच्या पलीकडे, टपरीवर, हातात आलूबोंडा घेऊन. अलीकडच्यांनी भाव सांगितला की भैय्यालालजी खिडकीतून टपरीकडे बघत आणि सुस्कारा सोडत.

"त्यायचं पाहा जी, ते तं पडदेबी फुकट देऊन राहिले," ते म्हणाले. "अन् लाइट-माइक तुमचाच राहीन."

लाइट-माइकची अट उपाध्यक्षांनी ताबडतोब मान्य केली (विमानात दोन्ही असतात). ऐनवेळी हिरॉइन बदलल्यास रक्कम कापली जाईल, या नाटकाच्या करारातल्या नेहमीच्या कलमात हिरॉइन खोडून इंजिन लिहिले. संध्याकाळपर्यंत दोघेही इतके खाली आले की आमच्या अध्यक्षांनाच घाम फुटला. अखेर कोणाचे मन मोडू नये म्हणून दीडशे विमाने अलीकडून आणि दीडशे पलीकडून घ्यायचे ठरले. एवढी सूट जगात कोणाला मिळाली नसेल. भैय्यालालजींना खांद्यावर घेऊन नाचायचे तेवढे बाकी होते.

सह्यांचा सोहळा झाला. बँड होता, पेढे होते. हर्षा आईने शिवलेला गणवेश घालून, आई शकुबाईला सोबत घेऊन आली होती. तिने पेढा हातात घेतला आणि विचारले, "काका, विमान येईन कधी?"

भैय्यालालजी हसले. "तारीख कायले विचारतेस बाई? मंडईची तारीख तं ठरलेलीच रायते. बावीस सालात म्या कोणाले तारीख विचारली नाही."

दोन्ही उपाध्यक्ष एकदम आपापल्या बुटांकडे बघू लागले. अध्यक्षांनी करार उघडला. तारखेची जागा आम्ही कोरी सोडली होती आणि ती दोघांनी आपापल्या सोयीने भरली होती. पहिले विमान २०४१ साली येणार होते. एवढी सूट कशापायी मिळाली, ते तेव्हा कळले.

"अवं माय!" शकुबाई ओरडली. "तवा तं माही पोरगी चाळीस वर्साची होईन!"

हर्षा तिथेच, पेढ्यांच्या टेबलापाशी, मोठ्याने रडायला लागली. दवाखान्यातली जागा भरली गेली होती. मला फार वाईट वाटले. पण सोहळा चालू होता, म्हणून मी बँडवाल्यांना जोरात वाजवायची खूण केली.

दुसऱ्या दिवशी बातमी झळकली: 'साकोलीची गगनभरारी, एकदम तीनशे विमाने!' ती तुम्हीही वाचली. छाती फुगली तुमची, खोटे सांगू नका. झेंडे लावून चार ग्रुपवर पाठवलीत. विमान कधी येणार, हे मात्र तुमच्यापैकी एकानेही विचारले नाही, याबद्दल संचालक मंडळ आपले आभारी आहे. भर सोहळ्यात नको ते विचारून कंपनीची प्रतिमा मलिन केल्याबद्दल हर्षाला कामावरून कमी करण्यात आले आहे. तिच्या जागेसाठी अर्ज मागवले आहेत, वयाची अटही काढून टाकली आहे. तुम्ही कराच अर्ज. मुलाखत होणार नाही. तुमची पात्रता आम्हाला पटलेली आहे.